एल्कची शिकार आणि पाठीवरचं ओझं: रॉकी पर्वतातल्या सामानाची पार्श्वभूमी

डेन्व्हर किंवा सिअ‍ॅटलकडे राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे बघितलं असेल, सप्टेंबर लागला की ऑफिसातले एकदोन जण एल्क नावाच्या मोठ्या हरणाच्या शिकारीला आठवडाभर गायब होतात, फोन लागत नाही, आणि परत आले की घरचा डीप फ्रीजर गच्च. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा विषयच मिटला, त्यामुळे शिकार म्हटलं की अजूनही संस्थानिक, मचाण आणि हाकेच डोळ्यासमोर येतात. तिकडचा प्रकार साफ वेगळा आहे, गाडीरस्ता संपतो तिथून पुढे तंबू, खाणंपिणं सगळं पाठीवर घेऊन डोंगरात शिरायचं आणि तिथेच मुक्काम. गंमत म्हणजे तयारीच्या गप्पांमध्ये बंदुकीपेक्षा सॅकबद्दलच जास्त बोललं जातं. त्याचं कारण अगदी साधं आहे, जनावर पडलं की खरं काम तिथून सुरू होतं.

मोठा नर एल्क तीनशे किलोच्या वर भरतो, हाडं काढून टाकली तरी ऐंशी-शंभर किलो मटण उरतं, म्हणजे सिमेंटच्या दोन गोण्या, त्याही वाट नसलेल्या उतारावरून. माणशी पस्तीस-चाळीस किलो धरलं तरी एकट्याला दोनतीन खेपा. सप्टेंबरमध्ये दुपारी चांगलंच ऊन असतं, त्यामुळे कातडं लगेच उतरवून, तुकडे करून, हवा खेळेल अशा कापडी पिशव्यांत घालून सावलीत टांगावं लागतं नाहीतर मटण जातं. आणि ते तिथेच टाकून येणं हा बऱ्याच राज्यांत गुन्हा आहे. अलास्कात तर शिंगं शेवटच्या खेपेतच आणायची, आधी मटण, असा नियम आहे.

हा ‘उचलायचं कसं’ प्रश्न जुनाच. अमेरिकन सरकारने पश्चिमेचा शोध घ्यायला पाठवलेली लुईस आणि क्लार्कची तुकडी १८०५ च्या सप्टेंबरात रॉकीतले बिटररूट डोंगर ओलांडत होती तेव्हा शिकारच मिळेना, मग फिलाडेल्फियाहून बरोबर घेतलेलं आटवून वाळवलेलं सूप काढलं. १९३ पौंड सूप घेतलं होतं लुईसने, आणि लोकांना ते अजिबात आवडलं नाही, शेवटी शिंगरू मारून खाल्लं. आजच्या गरम पाणी ओतून खायच्या पाकिटांचा हा खापरपणजोबाच म्हणायचा.

नंतर बराच काळ ओझं वाहिलं ते खेचरांनी आणि घोड्यांनी. बोजा बांधायची विद्या मेक्सिकोकडच्या खेचरवाल्यांकडून आली, दोर आवळल्यावर वर पत्त्यांतल्या चौकटचा आकार दिसतो ती डायमंड हिच गाठ त्यांचीच देणगी. अजूनही मोंटाना-इडाहोत आउटफिटर, म्हणजे शिकाऱ्यांना डोंगरात नेण्याचा धंदा करणारे लोक, ताडपत्रीत गुंडाळलेले बोजे दोन्ही बाजूंना सारख्या वजनाचे करूनच लादतात.

मधल्या काळात जनावरंच संपत आली होती. मटण-कातड्याच्या धंद्यासाठी बेसुमार कत्तल झाली, मग १८८७ मध्ये पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट वगैरेंनी वन्यजीव वाचवायला बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब काढला, १९०० मध्ये बेकायदा मारलेल्या जनावरांच्या व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा आला, यलोस्टोन भागातले एल्क पकडून दुसऱ्या राज्यांत सोडले गेले, आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. म्हणजे सामान विकत घेणाराच जंगलाचा खर्च भरतोय, ही व्यवस्था मला तरी हुशारीची वाटते, बाकी शिकारीबद्दल तुमचं मत काहीही असो.

पाठीवरच्या सॅककडे येऊ. लॉइड नेल्सन नावाच्या माणसाने अलास्कात तिथल्या आदिवासींची काठ्या आणि सीलच्या कातड्याची पाठपिशवी वापरली, घरी येऊन लाकडी चौकट आणि कॅनव्हासची सुधारित आवृत्ती केली आणि १९२४ मध्ये पेटंट मिळवलं, तीच ट्रॅपर नेल्सन. पण सगळा भार खांद्यावरच यायचा. १९५० च्या सुमारास कॅलिफोर्नियाचा डिक केल्टी सिएरा नेवाडा डोंगरात चालत असताना चौकटीची खालची टोकं पँटच्या मागच्या खिशांत खोचली गेली आणि खांदे एकदम हलके झाले, त्यातूनच पुढे कमरपट्टा आला. १९५२ पासून तो ॲल्युमिनियमच्या चौकटीच्या सॅक विकायला लागला. आज मटण वाहायच्या ज्या महागड्या सॅक मिळतात, ज्यात चौकट आणि पिशवीच्या मधे जनावराची मांडी बांधता येते, त्या सगळ्या याच चौकट-कमरपट्ट्याच्या वंशातल्या.

याच सुमारास कायद्यानेही चालणं भाग पाडलं. १९६४ च्या विल्डरनेस ॲक्टने सुरुवातीलाच ९१ लाख एकर जमीन अशी राखली की तिथे मोटार नाही, सायकलसुद्धा चालत नाही, पाय किंवा घोडा, बस. मग हलकं सामान ही गरजच झाली. व्हिएतनाममधल्या सैनिकांसाठी ओरेगॉनमध्ये बनणारं फ्रीज-ड्राय, म्हणजे गोठवून वाळवलेलं, जेवण माउंटन हाउस नावाने दुकानात आलं, १९६९ मध्ये बॉब गोरने टेफ्लॉन झटक्यात ताणून पाहिलं आणि त्यातूनच निघालेल्या, पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या गोर-टेक्सची जॅकेटं १९७६ पासून मिळायला लागली. शिकारीसाठी म्हणून खास बनवलेले चारआकडी डॉलरचे कॅमो, म्हणजे रानात मिसळून जाणाऱ्या रंगांच्या कपड्यांचे, सेट मात्र अगदी अलीकडचे, त्याआधी लोक जाड लोकरीचे चौकड्यांचे कोट घालूनच एल्क आणत होते आणि लोकर भिजली तरी ऊब देते, तेव्हा पहिल्या ट्रिपला एवढा खर्च करायची काही गरज नाही.

तयारी खरी बदलली ती मे २००० मध्ये, अमेरिकन सरकारने नागरी जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली तेव्हा. पुढे मोंटानात २००९ मध्ये ऑनएक्स ही डिजिटल नकाशांची कंपनी सुरू झाली, कुठली जमीन सरकारी आणि कुठली खासगी ते तिच्या नकाशावर दिसतं. याचं महत्त्व कळायला रेल्वेचा इतिहास बघावा लागतो, एकोणिसाव्या शतकात सरकारने रेल्वे कंपन्यांना एक मैल बाय एक मैलाचे तुकडे एकाआड एक दिले, त्यामुळे आजही बऱ्याच ठिकाणी बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन आहे आणि सरकारी चौकोन फक्त कोपऱ्याला एकमेकांना टेकतात. २०२१ मध्ये मिसूरीचे चार शिकारी वायोमिंगच्या एल्क माउंटनवर चक्क लोखंडी शिडी घेऊन गेले, कोपऱ्यावर उभी केली आणि खासगी जमिनीला पाय न लावता एका सरकारी चौकोनातून दुसऱ्यात उतरले. खासगी जमिनीच्या मालकाने खटला भरला, २०२५ मध्ये वायोमिंग ज्याच्या हद्दीत येतं त्या दहाव्या सर्किटच्या केंद्रीय अपील कोर्टाने निकाल शिकाऱ्यांच्या बाजूने दिला.