उडी खोटी, पण हाताला खरी

गेम डिझाइन शिकू लागलेल्या विद्यार्थ्याचा पहिला प्रयोग बहुधा असा असतो: पडद्यावर एक चौकोन, आणि बटण दाबलं की त्याने उडी मारायची. शाळेत शिकलेली गतीची समीकरणं हाताशी असतातच. गुरुत्वत्वरण ९.८ धरलं, उंची ४ मीटर ठरवली आणि बटण दाबलं. चौकोन वर जातो, खाली येतो. गणित बिनचूक, पण उडी मात्र फुगा सोडल्यासारखी मिळमिळीत.

कारण त्या आकड्यांतच आहे. ९.८ च्या हिशेबाने ४ मीटर वर जायला सुमारे ०.९ सेकंद लागतात आणि खाली यायला तेवढेच. आपण स्वतः जागच्या जागी उडतो ते जेमतेम अर्धा मीटर, आणि पाऊण सेकंदाच्या आत पाय जमिनीला टेकतात. गेममधल्या पात्राला कितीतरी उंच उडायचं असतं, पण खेळणाऱ्याला उत्तर झटपट हवं असतं. म्हणून गणित उलटं मांडायचं. उंची ४ मीटर आणि माथ्यावर पोहोचायला ०.४ सेकंद, हे आधी ठरवायचं आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढायचं. उंचीच्या दुपटीला वेळेच्या वर्गाने भागलं की उत्तर येतं ५०, म्हणजे पृथ्वीच्या पाचपट! पुष्कळ गेममध्ये तर खाली येताना ते आणखी वाढवतात, आणि बटण लवकर सोडलं तर उडी तिथेच आखूड करतात. निसर्गात असं काही घडत नाही, तरी हाताला हीच उडी खरी वाटते.

मला याहून विलक्षण वाटतो तो काठावरचा प्रयोग. पात्र धावत कड्याच्या टोकाशी येतं, खेळणारा उडीचं बटण दाबतो आणि पात्र सरळ खाली पडतं. ‘अरे, मी दाबलं होतं!’ तो अगदी मनापासून सांगत असतो. डोळ्यांना काही दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण पाव सेकंद लागतो. त्यामुळे काठ आल्यावर बटण दाबून भागत नाही, अंदाज बांधून आधीच दाबावं लागतं. त्यात पडद्यावर चित्र उमटायलाही थोडा उशीर होतो. पात्र सेकंदाला ८ मीटर वेगाने धावत असेल, तर ०.१ सेकंदाची चूक म्हणजे ८० सेंटिमीटर.

यावर डिझाइनरांनी काढलेल्या तोडग्याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. काठ सुटल्यावरही थोडा वेळ पात्र जमिनीवरच आहे असं प्रोग्रॅमने मानायचं. ‘सेलेस्ट’ या २०१८ च्या गेममध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे. सेकंदाला ६० चित्रं धरली, तर फक्त ६ चित्रं. खेळणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही, त्याला आपलं कौशल्य वाढल्यासारखं वाटतं.

निसर्गाचे नियम असे सोयीने वाकवणं जुनंच आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा अंतराळयानांच्या लढाईचा गेम तयार केला. त्यातल्या ताऱ्याचं गुरुत्वाकर्षण डॅन एडवर्ड्सने लिहिलं. ते यानांना ओढायचं, टॉर्पेडोंना मात्र नाही, कारण तेवढी आकडेमोड करायला त्या यंत्राकडे वेळच उरत नव्हता. २००५ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी वेगळीच शिस्त घालून घेतली: प्रत्येक गेम एकट्याने करायचा आणि सात दिवसांत संपवायचा. एका सत्रात त्यांचे पन्नासहून अधिक गेम झाले. त्यातल्याच एका मनोऱ्याच्या खेळातून पुढे २००८ चा ‘वर्ल्ड ऑफ गू’ आला. हा मार्ग मला फार मोलाचा वाटतो, कारण गेम हातात पडेपर्यंत तो कसा वाटेल हे कागदावर कळत नाही.

काठावरच्या सवलतीचा प्रयोग कोणालाही करून पाहता येईल. एकाच टप्प्याच्या दोन आवृत्त्या करा, एकीत सवलत शून्य, दुसरीत ०.१ सेकंद. कोणती कोणती ते सांगू नका आणि खेळणाऱ्याच्या मागे गप्प उभे राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड, कारण ‘इथे उडी मार’ असं एकदा सुचवलं की निरीक्षण वाया गेलं. पडल्यावर तो कोणाला दोष देतो ते टिपा, स्वतःला की गेमला. मग सवलत वाढवत न्या. ०.३ सेकंदाला पात्र काठापासून जवळजवळ अडीच मीटर पुढे गेलेलं असतं, आणि तिथून त्याने उडी घेतली की ही लबाडी कोणाच्याही नजरेत भरते.