वाहन-इलेक्ट्रॉनिकीतील डिजिटल पुरावा : प्रात्यक्षिक प्रशिक्षण (ग्रामीण विदर्भ)

अपघातात सापडलेल्या किंवा गुन्ह्यात वापरलेल्या वाहनाच्या एअरबॅग नियंत्रक, इंजिन नियंत्रक (नियंत्रक म्हणजे वाहनातील छोटा संगणक), म्युझिक सिस्टीम, स्थानदर्शक यंत्र (जीपीएस) इ. घटकांतील नोंदी मूळ स्वरूपाला धक्का न लावता काढणे आणि न्यायालयात टिकतील अशा जतन करणे, हे हाताने करून शिकण्याची पद्धती. न्यायसहायक विज्ञानाची ही तुलनेने नवी शाखा होय. तिला मराठीत कधीकधी ‘वाहन न्यायवैद्यक’ म्हटले जाते; पण न्यायवैद्यक ही संज्ञा शवपरीक्षा, जखमा, विषप्रयोग अशा वैद्यकीय बाबींसाठी रूढ असल्याने येथे ‘न्यायसहायक’ हाच शब्द घेतला आहे.

उगम : वाहनातील नोंदीचा आरंभ कोठून धरावा याविषयी एकमत नाही. एक मत टॅकोग्राफकडे बोट दाखवते. मालमोटारीचा वेग आणि चालकाचे तास कागदी चकतीवर कोरणारे हे यंत्र युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमाने बंधनकारक करण्यास सुरुवात केली. दुसरे मत एअरबॅगला महत्त्व देते. जनरल मोटर्सच्या एअरबॅग असलेल्या मोटारींत साधारण १९७४ पासून धडकेची त्रोटक नोंद होत असे; १९९० च्या दशकाच्या मध्यास ती अधिक तपशीलवार झाली आणि २००० च्या सुमारास ती वाचण्याचे उपकरण कंपनीबाहेरच्या तपासनीसांना मिळू लागले. प्रशिक्षणात मुख्यतः स्मृतिचिप वाचायला शिकवतात, हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र वणी-चंद्रपूर पट्ट्यातील कोळशाच्या ट्रकांचा विचार करता टॅकोग्राफची परंपरा अगदीच दूरची नाही.

तंत्र : वाहनातील नियंत्रक एकमेकांशी ‘कॅन’ या दोन तारांच्या जाळ्यातून बोलतात. बॉश कंपनीने ते १९८६ मध्ये जाहीर केले. १९९३ मध्ये त्यास आयएसओ ११८९८ हे आंतरराष्ट्रीय मानक लाभले. स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटमध्ये ६ व १४ या पिना कॅनच्या असतात. जाळ्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असल्याने बॅटरी काढून या दोन पिनांत मल्टिमीटर लावला की साधारण ६० ओहम दिसावेत. १२० दिसले तर एका टोकाचा रोध जाळ्यातून सुटलेला असतो, शून्याजवळ दिसले तर तारा एकमेकींना चिकटलेल्या असतात. या साध्या तपासणीवरून सॉकेटमधून वाचायचे की नियंत्रक काढून टेबलावर वाचायचा, हे ठरते.

एअरबॅग नियंत्रक बहुधा गिअरच्या दांड्यापाशी, मधल्या उंचवट्यावर बोल्टने घट्ट बसवलेला असतो. बॅटरी सोडवून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्याला हात लावत नाहीत, कारण न फुटलेली एअरबॅग फुटू शकते. टेबलावर १२ व्होल्ट दिल्यावर तो हलवायचा नाही. धक्का बसल्यास नवी घटना नोंदली जाण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या २००६ च्या नियमानुसार अशा नोंदीत धडकेपूर्वीच्या ५ सेकंदांतील वेग, ॲक्सिलरेटर व ब्रेक यांची स्थिती दर सेकंदाला दोनदा असते. एअरबॅग फुटल्याची नोंद सहसा कायम राहते. न फुटल्याची नंतरच्या घटनांनी पुसली जाऊ शकते. जप्त गाडी ‘चालते का पाहू’ म्हणून सुरू करणे म्हणूनच घातक ठरते.

स्थानदर्शक यंत्राची वेळ पुष्कळदा जागतिक वेळेनुसार, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. रात्री १२ वाजून १० मिनिटांनी झालेला अपघात तिच्यात आदल्या दिवशीचा १८:४० दिसतो आणि फिर्यादीतील तारखेशी जुळत नाही. नवे प्रशिक्षणार्थी येथे हमखास अडखळतात.

विदर्भातील स्थिती : नागपुरास प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा व शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहे, अमरावतीसही प्रयोगशाळा आहे. गडचिरोली जिल्ह्यातील सिरोंचा मात्र नागपूरपासून तीनशे किलोमीटरहून दूर. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाची घटनास्थळ-भेट अपेक्षित आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने सामान्य प्राणांतिक अपघात या तरतुदीत बसत नाही. अशा वेळी पुराव्याचे भवितव्य पंचनामा करणाऱ्या हवालदाराच्या आणि गाडी ओढून आणणाऱ्या मिस्त्रीच्या हाती असते. प्रशिक्षण प्रयोगशाळेतील तज्ज्ञांपुरते ठेवणे ही मोठी चूक आहे. ते ठाण्याच्या आवारातून, मराठीतून आणि खऱ्या मोडक्या गाड्यांवरच सुरू व्हायला हवे.

त्याला हवामानाचेही कारण आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो. बंद गाडीत त्याहून तापते आणि उष्णतेने फ्लॅश स्मृतीची (नियंत्रकातील स्मृतिचिपची) नोंदी टिकवून ठेवण्याची क्षमता घटते. पावसाळ्यात फुटक्या काचेतून आलेले पाणी तळाशी साचून नियंत्रकाचे कनेक्टर गंजतात. गाडीवर ताडपत्री टाकणे हे म्हणूनच पुरावा-जतनाचे पहिले काम ठरते.

सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठीच्या एआयएस-१४० या भारतीय मानकाच्या स्थानदर्शक यंत्रात मुख्य वीज तुटल्यावर किमान ४ तास चालणारी राखीव बॅटरी असते आणि नेटवर्क नसताना स्थाननोंदी साठून राहतात. मेळघाटात किंवा भामरागडकडे टॉवर मिळत नाही, तेथे सर्व्हरवर न पोचलेला प्रवास यंत्रातच सापडू शकतो.

कायदेशीर बाजू : इलेक्ट्रॉनिक नोंदी पुरावा म्हणून सादर करण्यासाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ लागू आहे. त्याच्या प्रमाणपत्राचा भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याने व भाग ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा असून त्यात हॅश मूल्य (नोंदीत बदल झाल्यास बदलणारा, गणिताने काढलेला तिचा ठसा) लिहावे लागते. एसएचए-२५६ या हॅश पद्धतीचे मूल्य ६४ अक्षरी असते. ते पंचांसमक्ष काढून पंचनाम्यात उतरवण्याचा सराव करून घेतात. प्रमाणपत्राची सक्ती जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये खोतकर-गोरंट्याल खटल्यात ठामपणे मांडली होती. तो निवडणुकीचा वाद शेजारच्या जालना मतदारसंघातला.

ट्रॅक्टर व दुचाकी : जुन्या काळी-पिवळी जीप आणि बहुतेक ट्रॅक्टरांत वाचण्याजोगी स्मृती नसते. ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून नवे उत्सर्जन निकष लागू झाल्याने त्यांत इलेक्ट्रॉनिक इंजिन नियंत्रक येऊ लागले आहेत. दुचाकींच्या बाबतीत तपास बहुधा चालकाच्या मोबाइलवरच येऊन थांबतो.