स्पोर्ट्स टॉक रेडिओ: लोकल कार्यक्रम कुठला, नॅशनल कुठला?

अमेरिकेत गाडीत स्पोर्ट्स टॉक रेडिओ लावला की सगळं एकसारखंच वाटतं: हिरिरीने वाद, मध्येच श्रोत्यांचे फोन, मग जाहिराती. पण एकाच स्टेशनवरचा संध्याकाळी पाचचा कार्यक्रम आणि रात्री दोनचा कार्यक्रम बहुतेक वेळा दोन वेगळ्या व्यवस्थांतून येतात. पहिला लोकल, शहरातल्याच स्टुडिओतून. दुसरा नॅशनल, म्हणजे नेटवर्कचा, उपग्रहावरून देशभरच्या स्टेशनांना एकाच वेळी मिळणारा.

स्टेशनच्या नावावर जाऊ नका. शिकागोचं ‘ईएसपीएन १०००’ हे स्टेशन देशभरच्या नेटवर्कचं नाव लावतं, म्हणून नावाने राष्ट्रीय, पण दुपारनंतर तिथे शिकागोचेच होस्ट बेअर्स (अमेरिकन फुटबॉल) आणि बुल्स (बास्केटबॉल) या संघांबद्दल बोलत असतात. उलट, स्टेशनच्या नावात गावाचं नाव असूनही दिवसभर नेटवर्कचाच माल चालू असू शकतो. दर तासाला स्टेशनची ओळखीची अक्षरं (डब्ल्यूएफएएन अशी) आणि शहराचं नाव ऐकू येतं, तीही खूण नव्हे. एफसीसी या सरकारी प्रसारण नियामकाच्या नियमानुसार ती घोषणा प्रत्येक स्टेशनला करावीच लागते. नॅशनल कार्यक्रम चालू असताना संगणक ती आपोआप वाजवतो.

त्यापेक्षा होस्ट वेळ कशी सांगतो ते ऐका. लोकल होस्ट सरळ ‘चार वीस झाले’ म्हणतो. नॅशनल होस्टला तसं म्हणता येत नाही, कारण न्यूयॉर्कमध्ये चार वीस होतात तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये एक वीसच झालेले असतात. म्हणून तो तास गाळतो आणि नुसती मिनिटं सांगतो. दुसरी खूण ब्रेकची. नॅशनल कार्यक्रमात ब्रेक दर तासाला ठरलेल्या मिनिटालाच येतो, मग होस्टचं वाक्य अर्धवट राहिलं तरी चालेल. लोकल होस्ट फोन रंगला तर ब्रेक दोन-चार मिनिटं पुढे ढकलतो.

या काटेकोरपणामागे पैशाचं गणित आहे. बरीच स्टेशनं नेटवर्कचा कार्यक्रम रोख पैसे न मोजता घेतात. बदल्यात तासातली काही जाहिरातीची मिनिटं नेटवर्कला देतात. उरलेली मिनिटं स्टेशन स्वतः विकतं. ब्रेक आला की नेटवर्ककडून एक इशारा येतो आणि स्टेशनचा संगणक लोकल जाहिराती सुरू करतो. समजा, जागा १२० सेकंदांची आहे. जाहिराती ११० सेकंदांच्याच भरल्या, तर दहा सेकंद शांतता, नाहीतर नेटवर्कचं भरणीचं संगीत. १३० सेकंदांच्या भरल्या, तर परतलेल्या होस्टची पहिली दहा सेकंदं कापली जातात. इशारा चुकला तर त्या ब्रेकमधली लोकल जाहिरात वाजतच नाही. वाक्याच्या मधूनच कार्यक्रम सुरू झाला, तर समजा की कार्यक्रम नॅशनल आहे आणि लोकल ब्रेकची भरणी चुकली आहे.

खरा फरक मात्र विषयांत आहे, आणि तिथे आमचा कौल लोकललाच. न्यूयॉर्कचं डब्ल्यूएफएएन स्टेशन १ जुलै १९८७ ला चोवीस तास खेळांसाठी सुरू झालं, ते न्यूयॉर्कच्या संघांच्या जिवावर. ईएसपीएन रेडिओ १९९२ मध्ये आला. नेटवर्कला सिअॅटलपासून मायामीपर्यंत सगळ्यांना धरून ठेवायचं असतं, म्हणून तिथे काउबॉइज, लेकर्स अशा प्रसिद्ध संघांची आणि बड्या क्वार्टरबॅकांची (फुटबॉलमध्ये चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूंची) चलती. मोसमात एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या संघाचे १७ सामने आणि बेसबॉल संघाचे १६२, तरीही ऑगस्टमध्ये नॅशनल कार्यक्रमांत फुटबॉलच्या सराव शिबिरांचीच चर्चा. तुमच्या संघाने आठव्या इनिंगला चुकीचा पिचर (बेसबॉलचा गोलंदाज) का आणला, हे फक्त लोकल होस्ट विचारतो. त्याने काल पाहिलेला सामना कॉलरनेही पाहिलेला असतो, आणि तोच कॉलर उद्या पुन्हा फोन करून जाब विचारू शकतो. फिलाडेल्फियाच्या डब्ल्यूआयपी स्टेशनवर ईगल्स या फुटबॉल संघाच्या एका पराभवाचं पोस्टमॉर्टेम आठवडाभर पुरतं.

नॅशनलची गरज आहे ती संपूर्ण लीगचं चित्र हवं असलेल्यांना, आणि ज्यांच्या शहरात मोठा संघच नाही त्यांना. पहाटेही काहीतरी ताजं चालू असतं, ही सोय मोठीच. पण शनिवारी रात्री तुमच्या संघाने मोठ्या खेळाडूची दुसऱ्या संघाशी अदलाबदल केली आणि स्टेशन नेटवर्कवर असलं, तर तिथे दुसरंच काहीतरी चालू असण्याची शक्यता जास्त.

न्यू जर्सीत नव्याने आलेल्या मराठी मंडळींना फोन करून बोलायचं असेल, तर लोकलपासूनच सुरुवात करा. एकच मुद्दा, शक्यतो एकाच चेंडूबद्दलचा किंवा एकाच निर्णयाबद्दलचा. स्टेशनवर आधी फोन घेऊन कॉलर निवडणारा माणूस असतो, त्याला तुम्हाला तो एका वाक्यात सांगता आला पाहिजे. लाइनवर जाण्याआधी रेडिओ पूर्ण बंद करा. प्रसारण काही सेकंद मागे असतं. स्वतःचाच आवाज उशिरा कानावर आला की माणूस अडखळतो आणि होस्ट पुढचा फोन घेतो. नॅशनलला फोन करायचा असेल तर मुद्दा असा निवडा, की जो संघाबाहेरच्या माणसालाही कळेल.