पाय दुखत नाहीत, म्हणजे पाय ठणठणीत?

'वय झालं की चाल अडखळणारच, आणि पाय दुखत नसतील तर मधुमेहाची काळजी नको,' हा समज वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्याचा दुसरा भाग जास्त घातक आहे.

रक्तातल्या जास्त साखरेने नसांना (मज्जातंतूंना) इजा होते, ती आधी सर्वांत लांब नसांच्या टोकाला, म्हणजे पायाच्या बोटांना जाणवते. काहींना मुंग्या येतात, आग होते. अनेकांना मात्र काहीच जाणवत नाही, आणि तेच दुखणं असतं! तळव्याकडून मेंदूला जमिनीची खबर मिळेनाशी होते. मग माणूस पाय फाकवून, छोटी पावलं टाकत, हळू चालतो. उणीव डोळे भरून काढतात, म्हणून दिवसा ठीक चालणारे आजोबा रात्री अंधारात बाथरूमला जाताना पडतात. घरचे म्हणतात, वयच झालं.

तपासणी सोपी आहे. 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवतात, 128 हर्ट्झचा कंपनकाटा (ट्यूनिंग फोर्क) पायाच्या अंगठ्यावर ठेवतात, आणि स्पर्श, कंपन जाणवतं का ते पाहतात. टाइप 2 मधुमेहात निदान होताच आणि पुढे दरवर्षी ती व्हायला हवी. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्वही तपासून घ्यावं. त्याच्या कमतरतेनेही नसा बिघडतात, आणि ती भरून काढता येते.

'मग चालणंच बंद करा' हा सल्लाही चुकीचा. पायाला जखम नसेल तर बंद, नीट बसणारे बूट घालून चालावं, तोल सांभाळण्याचे व्यायाम करावेत. रोज तळवे मात्र डोळ्यांनी पाहायचे, कारण बुटातला खडा पाय सांगणार नाही.