ऑनलाइन दैनिक बुद्धिबळातील सचोटीचे नियम

ऑनलाइन दैनिक बुद्धिबळ हा टपालाने खेळल्या जाणाऱ्या बुद्धिबळाचा आजचा अवतार. एका चालीसाठी साधारणपणे १ ते १४ दिवस मिळतात. खेळाडू घरी विचार करतो, समोर ना प्रतिस्पर्धी ना पंच. त्यामुळे चाल संगणकाला न विचारण्याचा, इथला सर्वांत महत्त्वाचा नियम मोडला गेला तरी ते कुणाला दिसत नाही.

टपालाच्या काळापासून पुस्तके चाळायला आणि पटावर मोहरी हलवून पाहायला मुभा होती. चेस.कॉम व लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळांनी दैनिक डावांत ती राखली आहे. प्रारंभीच्या चालींची पुस्तके आणि जुन्या डावांचे संग्रह चालतात. इंजिन (चाली सुचवणारा संगणक प्रोग्राम), डावाच्या अंतिम टप्प्याची उत्तरे देणारे टेबलबेस आणि दुसऱ्याचा सल्ला चालत नाही. प्रामाणिक खेळाडूही इथे गोंधळतो. संग्रहातला जुना डाव पाहून विसाव्या चालीपर्यंत तसेच खेळणे वैध. तीच स्थिती डाव चालू असताना इंजिनला दाखवणे अवैध.

१९५१ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय पत्र बुद्धिबळ महासंघाने (आयसीसीएफ) वेगळी वाट धरली. तिथे इंजिनला उघड परवानगी आहे. राजे-प्यादी धरून सात किंवा कमी मोहरी उरली की टेबलबेसच्या आधारे निकालाचा दावाही करता येतो. लपवाछपवी संपली, पण वरच्या पातळीवर बहुसंख्य डाव बरोबरीत सुटू लागले. यंत्राने सुचवलेल्या पर्यायांतून दीर्घ पल्ल्याची दिशा निवडणे हे खरेखुरे कौशल्य आहे. तरी हौशी खेळाडूला चाल स्वतः शोधायची असते, आणि त्याच्यासाठी तपासता न येणारी बंदीही ठेवण्याजोगी आहे.

झटपट डावात वेळ बोलका असतो: सोप्या-अवघड सगळ्याच चालींना सारखा वेळ लागला की संशय येतो. दैनिक डावात हा पुरावा जवळपास निरुपयोगी ठरतो. मग मुख्य आधार संख्याशास्त्राचा: अनेक डावांतील चाली स्टॉकफिशसारख्या इंजिनच्या पसंतीशी किती जुळतात, हे पाहिले जाते. सरसकट नक्कल करणारा सापडतो, त्याचे खाते बंद होते आणि त्याच्याकडून हरलेल्यांना गमावलेले मानांकनाचे गुण परत मिळू शकतात. एखाद्याच नाजूक क्षणी इंजिन उघडणारा मात्र निसटू शकतो. एका डावावरून कुणाला दोषी ठरवणेही अन्यायाचे, कारण सक्तीच्या चालींची मालिका साधारण खेळाडूही अचूक खेळतो. म्हणूनच जाहीर आरोपांना चेस.कॉम व लिचेस या दोन्ही ठिकाणी मनाई आहे. शंका आल्यास व्यवस्थापनाकडे तक्रार नोंदवून डाव पुढे खेळायचा असतो.