आत्याचे डोळे आणि सॉसेजमधलं विष

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या आत्याचे डोळे आधी नुसते लवायचे. डावा लवला की ती खूश, उजवा लवला की देवाजवळ जास्तीचा दिवा. पुढे दोन्ही एकदम लवायला लागले आणि शकुनाचा हिशेबच बसेना. मग ते मिटायला लागले. मे महिन्यात, नवतप्याच्या उन्हात, पापण्या अशा आवळायच्या की बडकस चौकात रस्ता ओलांडताना तिच्या एका हातात भाजीची पिशवी असायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी तिने पापणी वर धरलेली असायची. ज्याने त्याने आपापलं निदान केलं : ऊन, चष्म्याचा नंबर, डोळ्यातलं पाणी आटलं, टेन्शन. थेंबांच्या बाटल्यांनी फ्रिजचं दार भरलं. पण भजनी मंडळात गायला बसली की डोळे टक्क उघडे! त्यामुळे घरातल्या दोघा-तिघांना हे सोंग वाटायचं, आणि खरं सांगायचं तर त्यांत मीही होतो.

धंतोलीतल्या मेंदूविकारतज्ज्ञांना मी ही भजनाची गोष्ट तक्रारीच्या सुरात सांगितली. त्यांनी ती निदानाच्या कागदावर लिहून घेतली. या आजाराला ब्लेफरोस्पाझम म्हणतात. डोळ्यांत काही बिघाड नसतो, पापणी मिटणाऱ्या स्नायूंना मेंदूकडून नको तेव्हा, नको तितका हुकूम जात असतो. साधारण पन्नाशीनंतर, आणि बायकांत जास्त. झगझगीत उजेडात तो वाढतो आणि काही जणांत बोलताना, गुणगुणताना किंवा गाताना तेवढ्यापुरता सैल पडतो. असं का, हे पुरतं उलगडलेलं नाही, पण डॉक्टर या खुणेवर भरवसा ठेवतात. मान एका बाजूला वळून राहण्याच्या आजारातही हनुवटीला नुसतं बोट लावलं की मान सरळ होते, असे रुग्ण असतात.

उपाय म्हणून त्यांनी बोटॉक्सचं नाव घेतलं तेव्हा आत्या माझ्याकडे वळली. ‘का गा, हे तं सिनेमावाल्या बाया घेतात ना? माझ्या सुरकुत्या राहू दे म्हणावं.’

तिचा गैरसमज सगळ्या जगाचाच आहे. प्रत्यक्षात हे औषध आधी डोळ्यांसाठीच आलं. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांना तिरळेपणावर शस्त्रक्रियेशिवाय इलाज हवा होता. डोळा एका बाजूला ओढून धरणारा स्नायू थोडा ढिला केला तर बुबुळ जागेवर येईल, हा त्यांचा विचार. १९७० च्या दशकात त्यांनी आधी माकडांवर आणि मग माणसांवर प्रयोग केले. १९८९ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिरळेपणा आणि ब्लेफरोस्पाझम यांसाठी मान्यता दिली. भुवयांमधल्या आठ्यांसाठीची मान्यता २००२ ची, म्हणजे तब्बल तेरा वर्षांनंतरची. तीही वाट डोळ्यांच्याच रुग्णामुळे सापडली. कॅनडात व्हँकुव्हरला जीन कॅरदर्स नावाच्या नेत्रतज्ज्ञ पापण्यांसाठी हे इंजेक्शन द्यायच्या. एका रुग्णाच्या आठ्या मावळल्याचं त्यांच्या लक्षात आलं, नवरा त्वचारोगतज्ज्ञ होता, आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. जोडधंद्याने मूळ दुकानाची पाटी झाकून टाकली, इतकंच.

हे औषध म्हणजे मुळात विष आहे, आणि तेही ज्ञात विषांमधलं सर्वांत जहाल. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात बिघडलेलं सॉसेज खाऊन माणसं मरत होती. पापण्या गळायच्या, घास उतरेनासा व्हायचा, शेवटी श्वास थांबायचा. युस्टिनुस केर्नर नावाच्या डॉक्टरने (हा कवीही होता) अशा रुग्णांच्या बारीक नोंदी १८२० ते १८२२ मध्ये छापल्या. विषाचा अर्क त्याने स्वतःच्या जिभेवरही ठेवून पाहिला. आणि त्याच वेळी लिहून ठेवलं की अगदी थोड्या मात्रेत हेच विष अति चाळवलेल्या नसा शांत करायला कामी येईल. जंतू म्हणजे काय हे कुणाला नीट माहीत नव्हतं, त्या काळात! जंतू सापडला १८९५ मध्ये, बेल्जियमच्या एका खेड्यात, अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या बँडवाल्यांना खारवलेलं डुकराचं मांस बाधलं तेव्हा. ‘बोटुलस’ म्हणजे लॅटिनमध्ये सॉसेज, त्यावरून हे बोट्युलिनम, आणि त्यावरूनच बोटॉक्स.

ते काम कसं करतं? कळमना मार्केटात संत्र्याच्या पेट्या भरून ट्रक उभा आहे, ड्रायव्हर तयार, हमाल तयार, पण मागचा फाळका उघडायची कडीच कुणी कापून नेली आहे. फाळका उघडत नाही आणि माल उतरत नाही. नसेच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन या रसायनाच्या सूक्ष्म थैल्या भरलेल्या असतात. मेंदूचा हुकूम आला की त्या फुटून रसायन स्नायूवर सांडतं आणि स्नायू आवळतो. थैली नसेच्या भिंतीला चिकटवणाऱ्या प्रथिनांपैकी एक आहे स्नॅप-२५. बोटॉक्समधलं टॉक्सिन, म्हणजे विष, नेमकं तेवढंच कातरतं. नस जिवंत, स्नायू धडधाकट, फक्त निरोप पोचत नाही. असर दिसायला तीन-चार दिवस लागतात, पंधरवड्यात तो पुरता चढतो. नसेला नवे धुमारे फुटतात, नंतर जुनं टोकही कामाला लागतं, आणि साधारण तीन महिन्यांत सगळं मूळपदावर येतं. म्हणजे हा आजार बरा होत नाही, तेवढ्यापुरता दबून राहतो.

माझ्या मते या औषधाचं सर्वांत मोठं काम पापणीवर होत नाही, ते होतं लकव्यानंतरच्या मुठीवर. इतवारीत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. लकव्यानंतर बोलणं परत आलं, काठी धरून चालणंही आलं, पण उजवी मूठ मिटली ती मिटलीच, अंगठा आत. काकूंना नखं कापता येईनात, ती तळव्यात रुतली. उन्हाळ्यात घाम साचून आंबूस वास यायचा, म्हणून त्या रोज सकाळी बोटांच्या फटीतून सुती चिंधी सरकवायच्या. स्नायूंना आवर घालणारी मेंदूची वाट तुटली की असं होतं. बोटं वळवणारे स्नायू कोपराखाली असतात, इंजेक्शन तिथे देतात. खोलवरचा नेमका स्नायू सोनोग्राफीवर पाहून किंवा त्यातले विद्युत संकेत ऐकून शोधतात. दोन आठवड्यांनी मूठ सैल पडली. काकांनी विचारलंच : ‘आता पेन धरता येईल का?’ नाही. गेलेली ताकद हे औषध परत देत नाही. ते फक्त फट उघडतं, त्या फटीतून पुढचं काम फिजिओथेरपी आणि स्प्लिंटला करायचं असतं. ते टाळलं तर पैसे पाण्यात. पण नखं कापली गेली, वास गेला, काकूंची चिंधी सुटली. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या मुलांत, टाच न टेकता चवड्यांवर चालणाऱ्या पोरांना, पोटरीत हेच इंजेक्शन देतात.

यादी लांब आहे. महिन्यातले पंधरा किंवा अधिक दिवस डोकं दुखणाऱ्या जुनाट मायग्रेनवर डोकं, मान आणि खांद्यांवर ३१ ठिकाणी मिळून १५५ युनिट टोचतात. घामाच्या ग्रंथींनाही ॲसिटिलकोलीनच चाळवतं, त्यामुळे काखेत धो-धो येणारा घाम थांबतो (४५ अंशांत मात्र त्याने उकाडा कमी होणार नाही). पार्किन्सनच्या रुग्णाची गळणारी लाळ कमी होते. सारखी लघवीची घाई होणाऱ्यांना दुर्बिणीतून मूत्राशयात देतात, पण तिथे काहींची लघवी अडते आणि काही दिवस नळी घालायची वेळ येते.

धोके आहेतच. पापण्यांसाठी दिलेलं औषध जरा सरकलं की पापणी गळते. मानेत दिल्यावर काहींना गिळायला जड जातं. मायस्थेनिया (स्नायू लवकर थकण्याचा आजार) असलेल्यांना ते बहुधा टाळतात. एका कंपनीचं युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाएवढं नसतं, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून नवीन ब्रँड घ्यायचा नाही. आणि विषय निघालाच आहे तर : वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. या जंतूचे बीजाणू मधात असू शकतात, आणि तान्ह्या आतड्यात रुजून ते तिथेच विष तयार करतात.

आत्याच्या पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी पारा ४५ च्या वर होता. औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. मेडिकल स्टोअरवाल्याने बर्फाच्या पाकिटांसह थर्माकोलच्या डब्यात घालून दिलं आणि आत्याने ऑटोत तो डबा मांडीवर, पदराखाली धरला. आतली बाटली पाहून ती म्हणाली, ‘हे तं रिकामीच दिसून राह्यली!’ बरोबरच होतं. तळाशी पांढऱ्या भुकटीची पुसट साय असते, आणि तिच्यातही प्रत्यक्ष टॉक्सिन काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या अब्जांश भागात मोजावं लागेल इतकंच. डॉक्टरांनी त्यात सलाइन सोडलं, बाटली न हलवता तळहातांत हळूच घोळवली, आणि बारीक सुईने दोन्ही डोळ्यांभोवती टोचलं. पाच मिनिटांचं काम.

चौथ्या दिवशी तिने फोन केला तो सांगायला की समोरच्या बिल्डिंगवर तिसरा मजला कधी चढला ते तिला कळलंच नव्हतं.

आता तिचं वेळापत्रक पंचांगाला बांधलेलं आहे. संक्रांत झाली की एक, रामनवमीनंतर एक, आखाडात एक, दसऱ्याच्या आसपास एक. प्रत्येक वेळी हजारोंचा खर्च, त्याची कुरकुर असतेच. अलीकडे मी गेलो की ती भुवयांमधल्या आठ्या दाखवते आणि विचारते, पुढच्या खेपेला उरलंसुरलं इथे चालेल का म्हणून.