ग्रीक वारसा, अमेरिकेच्या सार्वजनिक जीवनातील

अमेरिकेची संयुक्त संस्थाने या देशाची राज्यघटना, शासकीय वास्तू, विद्यापीठे व राजकीय वक्तृत्व यांवर उमटलेला प्राचीन ग्रीसचा ठसा, तसेच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तेथे मोठ्या संख्येने स्थायिक झालेल्या ग्रीकांचा सार्वजनिक जीवनातील वाटा. पहिला प्रवाह ग्रंथांवाटे आला, दुसरा बोटीने; दोहोंचा परस्परसंबंध सामान्यतः मानला जातो त्याहून बराच तुटक आहे.

राज्यघटना : अमेरिकेने लोकशाही अथेन्सकडून घेतली, हे विधान रूढ असले तरी घटनाकारांच्या लिखाणाशी ते जुळत नाही. त्यांना अथेन्स हा आदर्श नसून इशारा वाटत होता. नव्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ लिहिलेल्या द फेडरलिस्ट या लेखमालेच्या (१७८७–८८) दहाव्या लेखात जेम्स मॅडिसनने शुद्ध लोकशाही आणि प्रजासत्ताक यांत भेद करून पहिली अस्थिर व कलहप्रवण ठरविली. प्रत्येक अथेन्सवासी सॉक्रेटीस असता, तरी तेथील सभा हा जमावच राहिला असता, असे ५५ व्या लेखात म्हटले आहे. हा लेख मॅडिसनचा की अलेक्झांडर हॅमिल्टनचा, हा वाद जुना आहे. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संख्याशास्त्रीय शैलीपरीक्षणाचा कौल मॅडिसनच्या बाजूने पडला. मात्र या लेखापुरता तो इतर वादग्रस्त लेखांइतका ठाम नव्हता. सेनेट, कॅपिटॉल (संसद भवन) ही नावे आणि लेखमालेचे ‘पब्लियस’ हे टोपणनावही रोमन आहे. मिश्र राज्यघटनेचा (एकसत्ता, उमरावसत्ता व लोकसत्ता यांच्या मेळाचा) ग्रीक सिद्धांत जॉन ॲडम्सने उचलून धरला, पण तोही ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या मार्फत, म्हणजे रोमच्या वर्णनातूनच.

घटनाकारांनी ग्रीकांचा बारकाईने अभ्यास केला तो नगरराज्यांपेक्षा नगरसंघांच्या बाबतीत. मॅडिसनने १७८६ च्या सुमारास प्राचीन व अर्वाचीन संघांची टिपणे काढली होती. ॲम्फिक्टिओनी संघ (डेल्फीच्या देवस्थानाभोवतीचा ग्रीक राज्यांचा संघ) दुबळ्या मध्यवर्ती सत्तेमुळे कसा निकामी ठरला, हे १८ व्या लेखात सविस्तर आले आहे. अकीअन संघाला (दक्षिण ग्रीसमधील नगरांचा संघ) तेथे थोडी बरी वागणूक मिळते. याहून महत्त्वाचा दाखला लिशियाचा (आजच्या तुर्कस्तानचा नैर्ऋत्य किनारा). प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्रेबोच्या वृत्तांतानुसार या संघात २३ नगरे असून मोठ्या नगरांना ३, मध्यम नगरांना २ व उरलेल्यांना १ मत असे. करभारही त्याच प्रमाणात वाटला जाई. यातील मोठ्या सहा नगरांची यादी त्याने आर्टेमिडोरस या आधीच्या भूगोलकारावरून घेतली आहे. संघाच्या आरंभाविषयी एकमत नाही, इ. स. पू. १६७ मध्ये ऱ्होड्सच्या अमलातून सुटका होण्यापूर्वीच तो अस्तित्वात असावा. फ्रेंच राजकीय विचारवंत माँतेस्क्यूने लिशियाला उत्तम संघ-प्रजासत्ताकाचा नमुना म्हटले आणि हॅमिल्टनने नवव्या लेखात तेच उद्धृत केले. फिलाडेल्फियाच्या घटना परिषदेत (१७८७) लहान राज्यांच्या समान मताधिकाराच्या मागणीविरुद्ध मॅडिसनने हाच दाखला पुढे केला. अखेर तडजोडीने प्रतिनिधिगृहात लोकसंख्येचे प्रमाण व सेनेटमध्ये समान प्रतिनिधित्व ठरले. त्याचे श्रेय लिशियाला देणे धाडसाचे होईल. मोठ्या राज्यांची मागणी स्वार्थातून आधीच उभी होती, दाखला मागाहून जोडला गेला. शिवाय लिशियन भाषा ग्रीक नसून ॲनातोलियन गटातील आहे. संघकाळापर्यंत त्या समाजाचे बरेच ग्रीकीकरण झाले होते, एवढ्या अर्थानेच हा वारसा ग्रीक म्हणता येतो.

प्राचीन दाखल्यांनी विचारांना उदाहरणे पुरविली, विचार घडविले नाहीत, असे इतिहासकार बर्नार्ड बेलिन यांचे मत. इतिहासकार कार्ल रिचर्ड यांनी उलट घटनाकारांच्या लहानपणापासूनच्या ग्रीक-लॅटिन अध्ययनावर भर देऊन तो प्रभाव खोलवरचा मानला. लिशियाच्या प्रकरणापुरते तरी बेलिन यांचे मत अधिक ग्राह्य वाटते.

वास्तू व उठाव : रोमकडून ग्रीसकडे ओढा वळला तो मुख्यतः १८२० नंतर. टॉमस जेफर्सन ग्रीकचा व्यासंगी. तरी त्याने व्हर्जिनियाच्या विधानभवनासाठी फ्रान्समधील नीम येथील रोमन मंदिराचा नमुना निवडला होता. वास्तुकार बेंजामिन लॅट्रोबची फिलाडेल्फियातील बँक ऑफ पेनसिल्व्हेनिया (१७९८–१८०१) ही ग्रीक पुनरुज्जीवन शैलीतील देशातली पहिली महत्त्वाची इमारत समजतात. ती आज उभी नाही. स्टुअर्ट व रेव्हेट या इंग्रज वास्तुकारांनी अथेन्सच्या अवशेषांची मोजमापे घेऊन काढलेली चित्रे १७६२ पासून छापली जाऊ लागली आणि वास्तुकारांना तीच पुरत. विल्यम स्ट्रिकलंडने त्यांच्या आधारे फिलाडेल्फियातच सेकंड बँक (१८१९–२४) अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराच्या धर्तीवर बांधली. दर्शनी बाजूस आठ डोरिक (साध्या, भक्कम ग्रीक घडणीचे) स्तंभ तेथे आहेत, पण बाजूंच्या ओळी गाळल्या आहेत, कारण बँकेला खिडक्या हव्या होत्या. मुंबईचा टाउन हॉल (१८३३) हाही याच काळातील डोरिक आवडीचा नमुना. सारेच प्रयत्न मानवले नाहीत : शिल्पकार होरेशिओ ग्रीनोने प्राचीन ग्रीक शिल्पकार फिडियसच्या झ्यूस देवाच्या मूर्तीवरून जॉर्ज वॉशिंग्टनचा कमरेपर्यंत उघडा पुतळा घडविला (१८४१); त्याची इतकी थट्टा झाली की दोन वर्षांत तो कॅपिटॉलच्या घुमटाखालून बाहेर हलवावा लागला. वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारक (१९२२) या परंपरेतील अखेरच्या मोठ्या वास्तूंपैकी एक.

ऑटोमन तुर्की सत्तेविरुद्धच्या १८२१ च्या ग्रीक उठावाने या आवडीला राजकीय धार दिली. मिशिगनमधील इप्सिलांटी हे गाव त्या युद्धातील सेनानीच्या नावाचे. अध्यक्ष मन्रो यांनी २ डिसेंबर १८२३ च्या संदेशात ग्रीकांना शुभेच्छा दिल्या. परंतु यूरोपच्या भांडणांत न पडण्याचे धोरणही त्याच संदेशातले. ग्रीसला प्रतिनिधी पाठविण्याची तरतूद करावी, हा काँग्रेस (संसद) सदस्य डॅनियल वेब्स्टरचा ठराव संमत झाला नाही.

गुलामगिरी : दक्षिणेतील जॉर्ज फिट्झह्यू आदी समर्थकांनी ॲरिस्टॉटलच्या ‘निसर्गतः दास’ या कल्पनेचा आधार घेतला. अथेन्स गुलामांच्या श्रमावरच भरभराटीला आले, हा त्यांचा आवडता युक्तिवाद. उलट, गुलामीत जन्मलेल्या विल्यम स्कारबरो यांनी १८८१ मध्ये ग्रीक भाषेचे पाठ्यपुस्तक प्रसिद्ध केले. कृष्णवर्णीयांना ग्रीक व्याकरण पेलणार नाही, या समजाला ते उत्तर होते.

विद्यार्थिमंडळे : फाय बीटा काप्पा (विल्यम अँड मेरी कॉलेज, ५ डिसेंबर १७७६) हे ग्रीक अक्षरांचे पहिले मंडळ. ही अक्षरे ‘तत्त्वज्ञान हे जीवनाचे सुकाणू’ या अर्थाच्या ग्रीक ब्रीदाची आद्याक्षरे होत. पुढच्या मंडळांत ग्रीक विद्या नाममात्र राहिली. अल्फा फाय अल्फा (१९०६) व अल्फा काप्पा अल्फा (१९०८) या कृष्णवर्णीय मंडळांचे राजकीय वजन मात्र मोठे आहे; मार्टिन ल्यूथर किंग पहिल्याचे, तर कमला हॅरिस दुसऱ्याच्या सदस्य.

स्थलांतरित : १८९० नंतर आलेले ग्रीक बहुधा मजूर किंवा फेरीवाले होते. दक्षिण ओमाहात १९०९ मध्ये त्यांच्या वस्तीवर हल्ला झाला. अटलांटात १९२२ मध्ये अहेपा ही ग्रीक अमेरिकनांची संस्था स्थापन झाली, तेव्हा कू क्लक्स क्लॅन या वंशद्वेषी, परकीयविरोधी संघटनेचा जोर होता. १९२४ च्या कायद्याने ग्रीकांच्या प्रवेशाचा वार्षिक कोटा १०० वर आणला. स्पायरो ॲग्न्यू उपाध्यक्ष झाले (१९६९–७३); मायकेल डुकाकिस १९८८ ची अध्यक्षीय निवडणूक हरले. ग्रीक ऑर्थोडॉक्स चर्चचे आर्चबिशप याकोवोस १९६५ मध्ये सेल्मात (ॲलाबॅमा) नागरी हक्कांच्या मोर्चात किंग यांच्यासोबत चालले. तुर्कस्तानने १९७४ मध्ये सायप्रसवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने त्या देशाला शस्त्रविक्रीची बंदी घातली (१९७५–७८). ब्रेडेमस व सार्बेन्स हे ग्रीकवंशीय प्रतिनिधी त्या मोहिमेत पुढे होते.